आज पेटी उघडली नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

मधमाश्यांची पेटी आली. दादाच्या टेम्पोत मी ती दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते आणि दादा एकही खड्डा चुकवत नव्हता. वर मोठमोठ्याने गात होता. मी ओरडले, तर म्हणाला, "अगं, माश्यांना अंगाई म्हणतोय." यात गंमत कसली? त्या पेटीत हजारो जीव होते आणि त्यांची जबाबदारी मी सही करून घेतली होती.

प्रशिक्षण केंद्रातल्या बाईंनी निघताना पुन्हा बजावलं, "या माश्या फार मानी असतात. सतावलं की मध, पिल्लं, सगळं टाकून उठून जातात. आठवड्यातून एकदा पेटी उघडायची, त्याहून जास्त नाही. महिनाअखेरीला मी स्वतः बघायला येते. वसाहत टिकवलीस, तर तुला केंद्रात माझ्या हाताखाली घेईन."

मला ते काम हवं आहे. डेअरीच्या प्रयोगशाळेतलं काम सोडून घरी बसले त्याला बरेच महिने झाले. तिथल्या साहेबांना दुधाच्या न तपासलेल्या नमुन्यांवर माझी 'तपासले' म्हणून सही हवी होती. मी दिली नाही. घरात कुणी रागावलं नाही, पण शाबासही कुणी म्हणालं नाही. दादा एवढंच म्हणाला, "एक सही तर होती." एक सही तर होती! आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. बाबा स्वतःचं नाव लिहीत नाहीत, चित्र काढावं तसं काढतात. मला शिकवलं ते काय समोर येईल त्यावर सही करायला?

पेटी परसात, लिंबोणीखाली ठेवली. स्टँडचे चारही पाय सारखे टेकलेत ना, हे पाहून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पेटी उघडली. आठवड्यातून एकदाचा नियम मला पाठ आहे, पण तो पेटी स्थिरावल्यानंतरचा असणार. दादाच्या टेम्पोतून आल्यावर राणीमाशी धड आहे की नाही, हे पाहायला नको? ती दिसली नाही. म्हणून दुपारी पुन्हा उघडली. दिसली. मग सकाळी पोळ्याची एखादी चौकट तिरपी तर बसवली नाही ना, अशी धास्ती वाटली, म्हणून संध्याकाळी नुसतं झाकण उचललं. याला उघडणं म्हणत नाहीत.

दादाने मला 'तपासनीस बाई' म्हणायला सुरुवात केली आहे. दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहणं हा या घरात गुन्हा आहे. आणि गॅस नीट बंद झालाय की नाही, हे कोण बघतं? मीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा संताप लिहून काढल्याशिवाय जेवण जाणार नाही.

आमच्या शेजारी पंपवाले काका राहतात. एकटेच असतात. निवृत्त झाल्यापासून त्यांचा जीव गुलाबांत. पाठीवर फवारणीचा पंप अडकवून सदानकदा झाडांमागे असतात, म्हणून गल्लीत सगळे त्यांना त्याच नावाने ओळखतात. आज सकाळी भिंतीपलीकडून फुस्स फुस्स ऐकू आलं. मी हातातली कणीक तशीच टाकून धावले.

"काका, काय फवारताय?"

"मावा पडलाय गं. या कळ्या बघ, नुसत्या चिकट झाल्यात."

"माझ्या माश्या मरतील!"

"तुझ्या माश्या माझ्या गुलाबांवर कशाला येतात? मी काही आमंत्रण दिलं नव्हतं."

"त्यांना भिंत कळत नाही, काका."

"तुला कळते ना? मग तू समजाव त्यांना."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले! मी भिंतीवरची औषधाची बाटली उचलली आणि तिच्यावरची सूचना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. काकांनी शांतपणे ऐकली. मग पंप उतरवून ठेवत म्हणाले, "बरं बाई. तुझ्या माश्या आहेत तोवर हा खुंटीला. झालं समाधान?"

नाही झालं. जो माणूस इतक्या सहज कबूल होतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

फवाऱ्याचा काही परिणाम झालाय का, हे पाहण्यासाठी पेटी उघडली. असं प्रसंगी करावंच लागतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

माश्यांसाठी मी उकळून गार केलेलं पाणी ठेवते. स्टीलच्या ताटलीत. ताटली रोज घासते, पाणी रोज बदलते. पण एक माशी तिकडे फिरकेल तर शपथ. आज पाहते, तर सगळ्या जणी काकांच्या भिंतीवर! तिथे शेवाळ धरलेली एक मातीची थाळी आहे, तिच्यात पाणी आणि खडे. माश्या त्या खड्यांवर बसून निवांत पाणी पीत होत्या. ही थाळी मागच्या आठवड्यात तिथे नव्हती. पाखरांसाठी ठेवली म्हणावं, तर खडे कशाला? मी हात लांब करून थोडं पाणी घेतलं, वास घेतला. नुसता शेवाळाचा. प्रयोगशाळेत असते तर तपासलंच असतं.

काका ओल्या फडक्याने एकेक कळी पुसत होते. फारच हळू. मला ते काही साधं वाटलं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बिचारे मावा पुसत असतील." आईला सगळेच बिचारे वाटतात. शिवणाच्या मशीनवरून मान वर न काढता ती जगाला माफ करून टाकते.

पेटी उघडली. घाण पाण्याने काही बिघडलंय का ते पाहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा आज प्रथमच पेटीजवळ येऊन बसले. त्यांनी आयुष्यभर लोकांची दारं आणि कपाटं केली. पेटीभोवती एक फेरी मारली, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"हे खोकं कुणी केलं गं?"

"केंद्राचं आहे, बाबा. तिथे सगळ्यांना असंच देतात."

"सांध्यात बोट जातंय. लाकडाला रंधा लागलेला नाही. यावर तुझी परीक्षा घेणार का त्या बाई?" मग म्हणाले, "तुला शाळेत घातलं तेव्हा दप्तर दुसऱ्याचं वापरलेलं होतं. पेटी तरी आपली असू दे."

पुस्तकातली मापं मी वाचून दाखवली, बाबांनी ती पट्टीवर खुणा करून घेतली. वाचताना एक आकडा चुकीचा तर सांगितला नाही ना, म्हणून पुन्हा जाऊन वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "कळलं गं. लाकूड आहे, पळून नाही जाणार."

१५ फेब्रुवारी, शनिवार

अशी पेटी कुणाकडे नसेल. सांधा कुठे आहे ते शोधावं लागतं. झाकण बसताना आवाजच येत नाही. आणि आतून-बाहेरून पॉलिश, हात फिरवला तर काचेसारखं.

"आतून कशाला, बाबा?"

"कपाटाला आतून पॉलिश करत नाही तो सुतार कसला? उघडल्यावर दिसतं ते आतलंच. आणि तू तर सारखी उघडतेस."

सारखी! कौतुक करतानाही टोमणा मारल्याशिवाय आमच्या घरात कुणाला राहवत नाही.

पुस्तक काढून पाहिलं. 'बाहेरून रंग लावावा' असं लिहिलं आहे. आतून पॉलिश करू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा पाहिलं. वास थोडा येतो, पण बाबा म्हणाले उन्हात जाईल. संध्याकाळी मी माश्यांसकट सगळ्या चौकटी नव्या पेटीत हलवल्या. बाबा अंतरावर उभे राहून पाहत होते, आपलं दार कुणाच्या घराला बसतंय हे पाहावं तसे.

जुनी पेटी कोपऱ्यात पडली होती. काकांनी भिंतीवरून विचारलं, "टाकताय तर मला द्या, कुंडीखाली ठेवतो." आणि दादाने मला न विचारता ती देऊन टाकली! केंद्राची वस्तू! मी जाऊन ठणकावलं, की ही परत करावी लागेल. काका म्हणाले, "मागशील तेव्हा ने. पावती देऊ का?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काहीतरी बिनसलं आहे. माश्या दारात ओळीने उभ्या राहून पंख फडफडवतात. कितीतरी आतच जात नाहीत, पेटीच्या बाहेर घोसासारख्या लटकून राहतात. इतकं सुंदर घर दिलं तरी! आता मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा उघडून पाहते, म्हणजे कारण नजरेतून सुटायला नको. उघडलं की सगळ्या एकदम सळसळतात. आधी इतक्या चिडत नव्हत्या.

माझी खात्री पटत चालली आहे, की हा फवाऱ्याचा परिणाम आहे. थोडं थोडं, गुपचूप, मी आत असताना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस एकही माशी परागकण घेऊन आलेली नाही. साठवलेला मध कमी होतो आहे. आणि आज दुपारी खिडकीतून पाहते, तर काका पंप हातात घेऊन अंगणातून चाललेले!

मी रस्त्यावर गेले. त्यांच्या फाटकासमोर उभी राहिले आणि सगळं बोलले. इस्त्रीवाला बाहेर आला, समोरची शिक्षिका गच्चीत आली. मला पर्वा नव्हती.

"शब्द दिला होतात ना काका? मग हे हातात काय आहे?"

"पंप आहे."

"तेच म्हणतेय मी!"

"अगं, त्या दिवसापासून खुंटीलाच होता. आज खुंटी निखळली. दुसरीकडे ठेवायला चाललो होतो."

इस्त्रीवाला खो खो हसला. मला वाटलं, माझ्या माश्या मरतायत आणि या लोकांचा खेळ चाललाय. मी म्हणाले, "तुमच्या चार फुलांसाठी तुम्ही हजारो जीव घेताय. वर तोंड वर करून खोटं बोलताय. लाज वाटायला हवी."

काका आत गेले आणि दार लावलं. लावलं तेही हळूच.

घरात आई वाट पाहत होती. "वडिलांच्या वयाच्या माणसाला रस्त्यात उभं करून बोललीस?"

"मी खरं तेच बोलले."

"खरं आहे, हे कुणी सांगितलं तुला?"

"मला दिसतंय, आई!"

"तुला सगळंच दिसतं," आई म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

कुणीही माझ्या बाजूने बोललं नाही. डेअरीच्या वेळीही असंच झालं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या.

मी सकाळची पाहणी करून झाकण लावलं आणि हात धुवायला आत आले, तेवढ्यात दादाची हाक आली. बाहेर आले तर पेटीच्या दारातून त्या सांडत होत्या, पाणी सांडावं तशा. अंगणभर ढग झाला, गुणगुण इतकी मोठी की आईचं मशीन थांबलं. मग तो ढग भिंतीवरून पलीकडे गेला. दादाच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही. तो माझ्याजवळ येऊन नुसता उभा राहिला. ते मला जास्त लागलं.

आत मेणाची पोळी होती, माश्या नव्हत्या.

बाबांनी रिकाम्या पेटीत तोंड घातलं आणि बराच वेळ वास घेत राहिले. मग चौकटी काढून माझ्या हातात दिल्या, पेटी खांद्यावर घेतली आणि कामाच्या खोलीत गेले. तेव्हा मला कळलं. उन्हात वास गेलाच नव्हता.

आणि म्हणजे काकांनी काहीच केलं नव्हतं.

पुस्तकाचा मला इतका राग आला आहे, की ते मी कपाटावर फेकलं. एक ओळ लिहायला काय होत होतं? 'आतून पॉलिश करू नये.' पण पुस्तक लिहिणाऱ्याचा बाप सुतार नसणार. ज्यांच्या घरी कुणी इतक्या मायेने पेटी करत नाही, तेच लोक अशी पुस्तकं लिहितात.

दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं पोरी, आहेस का? तुझी मंडळी इकडे उतरलीत."

त्या जुन्या पेटीत शिरल्या होत्या. मेणाच्या वासाच्या, सांध्यात बोट जाणाऱ्या त्या खोक्यात, काकांच्या गुलाबांखाली. मी भिंतीवरून पाहिलं, 'बरं' म्हणाले आणि आत आले. पलीकडे जायचं धैर्य झालं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. काय बोलायचं ते रात्रीच ठरवलं होतं, तरी फाटकाशी सगळं विसरले.

काकांनी पेटीवरची कुंडी काढून झाकणावर वजन म्हणून पंप ठेवला होता, आडवा. पंपाच्या तोटीत कोळ्याचं जाळं होतं. माझ्या मनात आलं, कोळी काय, एका दिवसातही जाळं विणतो. पण त्यात एक गुलाबाची पाकळी अडकलेली होती, वाळून तपकिरी झालेली. ती एका दिवसाची नव्हती.

"काका, मी चुकले. रस्त्यात बोलले ते सगळं चुकीचं होतं."

"बस," काका म्हणाले. "चहा घेतेस? आणि ते स्टीलचं ताट उचल बघू तिथून. माश्या काय इस्पितळात आहेत?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"इथेच राहू देत त्यांना काही दिवस," ते म्हणाले. "तू रोज ये. खुर्ची ठेवतो. पण बघायचं ते त्यांच्या दारातून. झाकणाला हात लावायचा नाही."

"का?"

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझी लिंबोणी दिसते. दिवसभर दिसतेस तू."

म्हणजे इतके दिवस हेच माझ्यावर नजर ठेवून होते! आणि मी माफी मागून बसले होते, त्यामुळे काही बोलताही येईना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज पेटी उघडली नाही. काल नाही, परवाही नाही. किती कठीण आहे हे! खुर्चीत बसून नुसतं दाराकडे पाहायचं. आत काय चाललं आहे, कोण जाणे. आज काही जणी पायांना पिवळे परागकण लावून आल्या. काका म्हणाले, "कामाला लागल्या बघ." मीही पाहिलं होतं. सांगायची काय गरज?

बाबा त्या दिवसापासून पॉलिशचा 'प' काढत नाहीत. कुणाच्या तरी दाराचं काम करतायत, पण काम करताना शीळ घालायचे, ती बंद आहे. ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवली आहे.

परवा बाई येणार. माश्या का उठल्या, हे त्या विचारणारच. पॉलिशचं सांगितलं, तर बाबांना त्या शिकलेल्या बाईसमोर मान खाली घालावी लागेल, आणि कशासाठी, तर लेकीसाठी उत्तम काम केलं म्हणून. फवारणीचं सांगणं तर शक्यच नाही. आजवर मी जाणूनबुजून खोटं बोललेले नाही. मी नोकरी सोडली, पण खोटी सही केली नाही.

पण बाबांची मान मी खाली जाऊ देणार नाही. खोटं कोणतं बोलायचं ते ठरवलं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई आल्या. सगळे काकांच्या अंगणात जमले होते. आईसुद्धा मशीन सोडून आली. बाबा भिंतीशी उभे होते, कामाच्या कपड्यांतच.

बाईंनी पंप बाजूला ठेवला, झाकण काढलं, धूर दिला. "राणी आहे," त्या म्हणाल्या. "नवं पोळंही बांधायला घेतलंय." मग माझ्याकडे वळल्या. "पण इथे कशा? उठल्या कशामुळे?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मी पेटी सारखी उघडत होते, बाई. रोज. कधीकधी दोनदा-तीनदा."

तेवढ्यात बाबा पुढे आले.

"नाही बाई. ती मला पाठीशी घालतेय. नव्या पेटीला मी आतून पॉलिश केलं. दोष माझा आहे, पोरीचा नाही."

मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. बाईंनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आतून पॉलिश करायचं नसतं, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण तो वास हळूहळू मरतो, एरवी त्यांनी सोसलाही असता. रोज कुणी घराचं छप्पर उचललं, तर ते नाही सोसत. मुलगी म्हणतेय तेच कारण आहे." आणि मला म्हणाल्या, "बरं झालं, स्वतः सांगितलंस. बहुतेक जण शेजाऱ्यांच्या फवारणीवर ढकलतात."

काकांना खोकला आला. दादा आभाळाकडे पाहू लागला.

बाईंनी नवी पेटी मागवली. चादर काढताना बाबांचा हात अडखळला. बाईंनी सांध्यावरून नख फिरवलं. "सांधा कुठे आहे हो?" त्यांनी विचारलं. बाबा मोकळे हसले, किती दिवसांनी. मग दोघं आतलं पॉलिश कसं तासायचं आणि केंद्रासाठी अशा पेट्या करता येतील का, यावर बोलत बसले. मी आहे, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

जाताना बाई म्हणाल्या, "सोमवारपासून ये. पण सुरुवातीला पेट्या मी उघडणार. तू हात मागे बांधून बघायचं."

काम मिळालं. तरी माझं डोकं ठिकाणावर नाही. इतकी जाणती बाई, पण बाबांचं मन राखायला माझ्या खोट्याला किती सहज दुजोरा दिला! चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. उपकार मानायचे की अशा माणसाच्या हाताखाली काम करायचं का याचा विचार करायचा, हेच कळत नाही.

आणि घरच्यांचं काय म्हणावं? मी आयुष्यात पहिल्यांदा, भरल्या अंगणात, धडधडीत खोटं बोलले, आणि बाबा सोडले तर कुणाला तिळमात्र शंका आली नाही. आई 'हो गं बाई' म्हणून मान हलवत होती. काका हलवत होते. दादा तर पाठीवर थाप मारून म्हणाला, "तपासनीस बाई, आज पहिल्यांदा तुझं सगळं पटलं."

खरं बोलले तेव्हा एकालाही पटलं नव्हतं.

संतापून संध्याकाळी काकांच्या खुर्चीत जाऊन बसले. पंप परत झाकणावर ठेवला होता. तो नीट बसलाय का, हे पाहण्यासाठी एकदाच हात पुढे केला आणि मागे घेतला.